उसाच्या सरीत लेझर अंतरमापक

उंब्रजच्या शिवारात ऊस छातीएवढा झाला की सरीत शिरणं नकोसं होतं. पानांच्या कडा हात-तोंड कापतात, पायाखाली पाचट, मध्येच तुंबलेलं पाणी, आणि पाठीवर फवारणीचा पंप. अशा सरीतून बॅटरीवर चालणारी, माणूस न बसवलेली छोटी गाडी पाठवावी, हा विचार म्हणूनच हौसेचा राहिलेला नाही. मोटारी, चाकं, बॅटरी, कंट्रोलर हे सगळं आज घरबसल्या मागवता येतं. काम अडतं ते एका प्रश्नापाशी: समोर काही आहे का, आणि असलं तर किती लांब?

या प्रश्नाला हल्ली दिलं जाणारं उत्तर म्हणजे लेझर अंतरमापक. आगपेटीएवढा डबा, चार तारा, आणि सेकंदाला शंभर वेळा समोरचं अंतर. हे अंतरमापक अंतर चुकीचं क्वचितच सांगतात. गाडी आदळते ती बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने: उत्तर आलं नाही, आणि आपण त्याचा अर्थ ‘वाट मोकळी आहे’ असा लावला. बसवण्यापासून प्रोग्रामपर्यंतचा सगळा खटाटोप या एका गैरसमजाभोवती फिरतो.

उंब्रजभोवती हे काम करू शकतील अशा हातांची वाण नाही. सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासूनचं, कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासूनचं. इस्लामपूरजवळ राजारामबापू इन्स्टिट्यूट आहे. रोबोकॉन ही विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रोबोंची आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००८ आणि २०१४ अशी दोनदा पुण्यात झाली. २००८ चा खेळ तर दहीहंडीवर बेतलेला होता. या स्पर्धांनी महाराष्ट्रातल्या मुलांच्या कितीतरी तुकड्यांना सेन्सर, मोटार आणि प्रोग्राम एकत्र बांधायला शिकवलं. पण रोबोकॉनचं मैदान सपाट, रंगवलेलं आणि छपराखालचं. तिथे मिळालेला आत्मविश्वास घेऊन तोच सेन्सर शेतात नेला की ऊन, ओली काळी माती आणि हलणारी पानं एकदम समोर येतात.

आधी यंत्र काय करतं ते. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. जाऊन परत यायचं म्हणजे समोरची वस्तू १ मीटरवर असेल तर प्रकाशाला ६.७ नॅनोसेकंद लागतात. १ सेंटिमीटरचा फरक ओळखायचा तर ६७ पिकोसेकंदांचा फरक ओळखावा लागतो. एवढा बारीक काळ थेट मोजणं महाग पडतं, म्हणून स्वस्त अंतरमापक वेगळ्या वाटा काढतात. बेनेवेक कंपनीचा टीएफमिनी प्रकाशाची तीव्रता ठरावीक लयीत वरखाली करतो आणि परत आलेली लय किती मागे पडली यावरून अंतर काढतो. गार्मिनचा लिडार-लाइट व्ही३ प्रकाशाचा एक सांकेतिक ठसा पाठवतो आणि परत आलेल्या गोंधळात तोच ठसा शोधतो. मूळ टीएफमिनी बाजारात लेझर म्हणून खपतो, पण त्यातला प्रकाश ८५० नॅनोमीटरच्या एलईडीचा आहे. लिडार-लाइटमध्ये मात्र ९०५ नॅनोमीटरचा खरा लेझर आहे.

हीच विद्या मोठ्या कामातही आहे. २००८ मध्ये चांद्रयान-१ ने १०० किलोमीटर उंचीवरून चंद्राची चढउतार लेझरने मोजली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चं विक्रम उतरलं तेव्हा त्यावरही लेझर उंचीमापक होता. चालक नसलेल्या गाड्यांच्या, वाळवंटातल्या २००५ च्या दार्पा शर्यतीत स्टॅनफर्डच्या स्टॅनले गाडीने छतावर पाच लेझर स्कॅनर लावून २१२ किलोमीटर पार केले. आधीच्या वर्षी तिथे एकही गाडी १२ किलोमीटरच्या पुढे गेली नव्हती. उंब्रजवरून जाणाऱ्या महामार्गावर आपोआप ब्रेक लावणाऱ्या मोटारी आता रोज धावतात. पण त्यातल्या २०२१ च्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० सारख्या गाड्या कॅमेरा आणि रडारवर भागवतात, लेझरवर नाही. धूळ, पाऊस, धुकं यांत रडार जास्त टिकतं, आणि हा धडा शेतातल्या गाडीनेही लक्षात ठेवावा.

लहान गाडीसाठी निवड फार मोठी नाही. एचसी-एसआर०४ हा ध्वनीवर चालणारा सेन्सर सगळ्यांत स्वस्त, ४ मीटरपर्यंतचा. त्याचा झोत रुंद, त्यामुळे सरीत दोन्ही बाजूंची पानं त्याच्या वाट्याला येतात. शिवाय ध्वनीचा वेग हवेच्या उष्णतेवर ठरतो. थंडीतली पहाट आणि एप्रिलची दुपार यांत २५ अंशांचा फरक धरला तर वेग सेकंदाला सुमारे १५ मीटरने बदलतो. ३ मीटरच्या मापात तेवढ्याने १३ सेंटिमीटरची चूक शिरते. एसटी कंपनीचे व्हीएल५३एल०एक्स आणि व्हीएल५३एल१एक्स हे नखाएवढे लेझर सेन्सर अनुक्रमे २ आणि ४ मीटरचे, पण सावलीत. उन्हात त्यांची मजल बरीच आखडते आणि झोतही २५ अंशांच्या आसपास रुंद आहे. टीएफमिनीचं घराणं १२ मीटरचं, लिडार-लाइट ४० मीटरचा. स्लॅमटेकचा आरपीलिडार ए१ गोल फिरून चहूबाजूंचं चित्र काढतो. प्रयोगशाळेत तो फार छान दिसतो, पण तो घरातल्या उजेडासाठी बनवलेला आहे. उघड्या शेतात, धुळीत, फिरता पट्टा घेऊन तो लावण्याचा आग्रह मी धरणार नाही. सरीतल्या कामाला एक-दोन टीएफमिनी प्लस पुरेत, कारण त्याचा डबा धूळ-पाण्याला आयपी६५ दर्जाने बंद आहे. मूळ टीएफमिनीला तसं संरक्षण नाही.

आता उन्हाचं आणि मातीचं. कंपनीच्या कागदावरचे १२ मीटर हे नव्वद टक्के प्रकाश परतवणाऱ्या पांढऱ्या फळ्यासमोरचे असतात. कृष्णाकाठची ओली काळी जमीन अवरक्त प्रकाशाचा जेमतेम दहावा भाग परतवते, कधी त्याहून कमी. उलट उसाचं हिरवं पान याच प्रकाशाचा निम्म्याच्या आसपास भाग परत फेकतं. म्हणजे सेन्सरच्या नजरेत हिरवं पान झगझगीत असतं आणि चिखलाने माखलेलं लाकूड किंवा काळं ओलं पोतं जवळजवळ नसतंच. आपल्या डोळ्याला जे ठळक, ते त्याला ठळक नाही. त्यातून दुपारचं ऊन दर चौरस मीटरला हजार वॉटच्या घरात. त्यात ८५० आणि ९०५ नॅनोमीटरचा वाटाही भरपूर असल्यामुळे परत आलेली क्षीण चमक त्या उजेडात बुडून जाते. ९४० नॅनोमीटरचे सेन्सर थोडे नशीबवान, कारण तो पट्टा हवेतली वाफ आधीच बराच गिळून टाकते.

पाणी सगळ्यांत फसवं. सरीत तुंबलेल्या पाण्यावर तिरपा पडलेला किरण पुढे निसटतो, परत येतच नाही. पाण्याखाली ढेकूळ आहे की खड्डा, ते कळायचा प्रश्नच उरत नाही. थंडीत तारळी-कृष्णेच्या काठावर धुकं उतरतं तेव्हा उलटं होतं: धुक्याचे थेंबच प्रकाश परतवतात आणि गाडी मोकळ्या सरीत थबकते. थबकणं परवडतं. पुढे जाणं परवडत नाही.

सेन्सर कुठे बसवायचा यावर जितका विचार व्हायला हवा तितका होत नाही. बहुतेकजण तो गाडीच्या सगळ्यांत उंच जागी लावतात, कारण तिथे चिखल उडत नाही. उसात हे चुकतं. खुरपणी करणाऱ्या बायका बसून, वाकून काम करतात. कमरेच्या उंचीवरचा किरण त्यांच्या डोक्यावरून निघून जाईल. दुसरं, पाला काढलेल्या उसात गुडघ्याच्या उंचीला सरी मोकळी असते; पानांची गर्दी असते ती वर. म्हणून जमिनीपासून ४५ सेंटिमीटर ही जागा मला योग्य वाटते. माणूसही दिसतो, पानंही चुकतात.

मात्र उंची ठरली तरी कोन जागेवर राहत नाही. गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत ६० सेंटिमीटर अंतर धरा. पुढचं चाक ५ सेंटिमीटरच्या ढेकळावर चढलं की नाक जवळजवळ ५ अंश वर जातं आणि ४ मीटरवरचा किरण जमिनीपासून ८० सेंटिमीटरवर पोचतो. बसलेली बाई नजरेआड. तेच चाक खड्ड्यात उतरलं की किरण ५ मीटरवर जमिनीला टेकतो आणि सेन्सर मातीलाच अडथळा म्हणून सांगतो. टीएफमिनी प्लसचा झोत ३.६ अंशांचा असल्याने त्याची खालची कड तर पावणेचार-चार मीटरवरच जमिनीला लागते. स्टॅनलेच्या चमूलाही हाच त्रास झाला होता: गाडीच्या झुकावाच्या मापात अर्ध्या अंशाची चूक झाली तरी सपाट वाळवंटात नसलेले अडथळे उभे राहत. त्यांनी त्यावर मोठं गणित मांडलं. आपल्याकडे सोपा उपाय आहे. पिक्सहॉकसारख्या कंट्रोलर बोर्डात झुकाव मोजणारा सेन्सर आधीच असतो. झुकाव ३ अंशांपेक्षा जास्त असेल तेव्हा लांबचं माप विचारात घेऊ नये आणि वेग कमी करावा.

झोताची रुंदीही बघावी. ३.६ अंशांचा झोत ६ मीटरवर ३८ सेंटिमीटर रुंद होतो, मूळ टीएफमिनीचा २.३ अंशांचा २४ सेंटिमीटर. लिडार-लाइटचा त्याच अंतरावर पाच-सहा सेंटिमीटर. जुन्या तीन फुटी सरीत रुंद झोताच्या दोन्ही कडा पानांना घासतात. चार-पाच फुटी सरीत तो निवांत जातो. झोत अर्धा जवळच्या पानावर आणि अर्धा मागच्या बांधावर पडला तर सेन्सर दोन्हींच्या मधलंच एक अंतर सांगतो, जिथे काहीच नसतं. अरुंद झोत पानांमधून नीट घुसतो, पण अंधारात काठी टेकत चालावं तसं, काठी जिथे टेकेल तेवढंच कळतं. म्हणून एका लांबच्या सेन्सरपेक्षा थोड्या वेगळ्या उंचीवर लावलेले दोन साधे सेन्सर बरे, आणि त्यांच्याखाली दाबलं की मोटार तोडणारा रबरी बंपर हवाच.

समोर ॲक्रिलिकची पट्टी लावून सेन्सर झाकायचा मोह होतो. पट्टीवरून परतलेला प्रकाश शेजारच्या भिंगात शिरला की समोर काही नसताना वीस-तीस सेंटिमीटरवर अडथळा दिसू लागतो. आयपी६५ डबा असेल तर पट्टी लावूच नये. वरून टोपीसारखी छोटी पत्र्याची झाप पुरते. फवारणीचा थेंब भिंगावर वाळला तर तो ओल्या मऊ फडक्याने टिपावा, कोरड्याने घासू नये.

जोडणीत घोटाळा होण्याच्या जागा ठरलेल्या. वीज ५ व्होल्टची, पण टीएफमिनीच्या संदेशाच्या तारा ३.३ व्होल्टच्या; ५ व्होल्टवर चालणाऱ्या आर्डुइनोची पाठवणारी तार थेट सेन्सरला जोडू नये. एकाची पाठवणारी तार दुसऱ्याच्या घेणाऱ्या टोकाला जाते. दोघांचं ग्राउंड एकच असायला हवं. लिडार-लाइटच्या वीजवाहिनीवर ६८० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायला कंपनीच सांगते. तो गाळला तर मोटार सुरू होताच सेन्सर मधूनच गप्प होतो आणि माणूस प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो. मोटारीच्या तारा आणि सेन्सरच्या तारा एकत्र बांधू नयेत. आय-टू-सी पद्धतीने दोन सारखे सेन्सर लावले तर दोघांचा पत्ता एकच असतो: लिडार-लाइटचा हेक्समध्ये ६२, व्हीएल५३एल०एक्सचा २९. एकाला बंद ठेवून दुसऱ्याचा पत्ता बदलायचा, मग पहिल्याला जागं करायचं. त्याही तारा आखूड असाव्यात. गाडीच्या टोकापर्यंत जायचं असेल तर टीएफमिनीसारखा सीरियल सेन्सर सोयीचा.

हा सेन्सर काय बोलतो ते एकदा उघडून पाहावं, कारण इथेच तो गैरसमज जन्मतो. टीएफमिनीच्याच घराण्यातला टीएफमिनी-एस सेकंदाला १,१५,२०० बिटांच्या वेगाने नऊ-नऊ आकड्यांचे गट पाठवतो. असा एक गट घ्या: ८९, ८९, ४४, १, ०, ४, ०, ९, २३६. पहिले दोन ८९ म्हणजे गट सुरू झाल्याची खूण. पुढचे दोन अंतराचे: ४४ अधिक १ गुणिले २५६, म्हणजे ३०० सेंटिमीटर. नंतरचे दोन परत आलेल्या प्रकाशाच्या जोराचे: ० अधिक ४ गुणिले २५६, म्हणजे १,०२४. त्यापुढचे दोन सेन्सरच्या तापमानाचे: २,३०४ भागिले ८, त्यातून २५६ वजा, म्हणजे ३२ अंश. शेवटचा आकडा पडताळणीचा. आधीच्या आठांची बेरीज २३६, जुळली. बेरीज २५५ च्या वर गेली तर २५६ ने भागून उरलेली बाकी घ्यायची.

आता जोर १०० च्या खाली गेला, किंवा तो ६५,५३५ ला टेकला, तर कंपनीच म्हणते की अंतरावर विश्वास ठेवू नका. पहिल्या वेळी प्रकाश परत आला नाही, दुसऱ्या वेळी इतका आला की सेन्सर दिपला. अशा वेळी अंतराच्या जागी मॉडेल आणि फर्मवेअरनुसार कधी शून्य येतं, कधी ६५,५३५. शून्य आलं तर गाडी थांबते. ६५,५३५ आलं आणि प्रोग्राममध्ये फक्त ‘अंतर २०० पेक्षा कमी असेल तर थांब’ एवढंच लिहिलेलं असेल, तर गाडीच्या मते समोर ६५५ मीटर मोकळे आहेत. पाण्याचं डबकं, ओलं काळं पोतं, दुपारचं ऊन, निसटलेली तार, यांतल्या प्रत्येकाचं फळ हेच. म्हणून प्रोग्राममध्ये पहिली तपासणी जोराची, दुसरी वेळेची, तिसरी अंतराची. पाव सेकंदात एकही भरवशाचा आकडा आला नाही तर गाडी थांबली पाहिजे. मोकळ्या बांधावर त्यामुळे गाडी उगाच थांबेल अशी तक्रार येते. त्यासाठी सेन्सर किंचित खाली झुकवून पाच-सहा मीटरवर जमीन दिसत राहील असं ठेवावं. मग जमीन ‘दिसणं’ हीच सगळं ठीक असल्याची खूण होते आणि ती नाहीशी झाली की काहीतरी बिघडलंय हे कळतं. मुख्य सेन्सर सरळ आणि दुसरा असा झुकलेला, ही जोडी मला सगळ्यांत भरवशाची वाटते.

पिक्सहॉकसारख्या बोर्डावर आर्डुपायलट हा गाडी हाकणारा तयार प्रोग्राम चालवत असाल तर हे बरंचसं तयार मिळतं. सीरियल पोर्टला अंतरमापकाचा प्रोटोकॉल म्हणून ९, वेग ११५, सेन्सरचा प्रकार टीएफमिनीसाठी २०, दिशा समोर म्हणजे ०. कमाल अंतर कागदावरचे १२ मीटर न टाकता शेतात ६ टाकावं, आणि एकक आवृत्तीप्रमाणे सेंटिमीटर की मीटर ते पाहून टाकावं. एवढ्याने आकडा फक्त पडद्यावर दिसतो. गाडीने त्यावरून थांबावं यासाठी निकटता सेन्सरचा प्रकार ४ करावा लागतो आणि अडथळा टाळण्याची सोय चालू करावी लागते. हे दुसरं पाऊल सहज राहून जातं.

थांबायचं अंतर हिशेबाने ठरवावं. वेग सेकंदाला दीड मीटर, कळून मोटार तुटेपर्यंत ०.२ सेकंद: ३० सेंटिमीटर गेले. ओल्या मातीत चाक घसरतं, म्हणून वेग सेकंदाला फक्त १ मीटरने उतरतो असं धरलं तर आणखी सव्वा मीटरच्या आतबाहेर. एकूण दीड मीटर. आर्डुपायलटचं मूळचं २ मीटरचं अंतर इथे बरोबर बसतं, ते कमी करू नये. पाच आकड्यांतला मधला घेण्याची गाळणी लावली तर जेमतेम ५० मिलिसेकंद उशीर होतो. उडत्या किड्या-धुळीचे सुटे आकडे त्यात जातात. पान मात्र जात नाही, कारण पान तिथेच असतं. पान आणि हात यांत हा सेन्सर फरक करू शकत नाही. पाला न काढलेल्या, पानं मिटलेल्या उसात ही गाडी पावलोपावली थांबेल, आणि जिथे तिची गरज सगळ्यांत जास्त तिथेच ती सगळ्यांत कमी उपयोगी पडेल. तिथे सेन्सरचं अंतर कमी करून गाडी दामटणं मला मान्य नाही. मोठ्या बांधणीपर्यंत आणि पाला काढलेल्या सरीत तिचं काम चांगलं होईल, तेवढ्यापुरती ती वापरावी.

शेतात नेण्याआधी अंगणात टेप पसरून १ ते ६ मीटरपर्यंत दर मीटरला आकडे घ्यावेत: पांढरा पुठ्ठा, ओलं पोतं, उसाचं पान आणि काळी छत्री यांच्यावर, सकाळी आणि भर दुपारी. अंतरासोबत जोरही लिहावा. आपल्या मातीवर १०० चा उंबरठा पुरतो की १५० ठेवावा, ते या वहीतूनच कळेल.

डोळ्यांची काळजीही यातच येते. नावाजलेल्या कंपन्यांचे हे सेन्सर पहिल्या वर्गातले, म्हणजे नेहमीच्या वापरात डोळ्यांना सुरक्षित. पण दर्जाचा शिक्का नसलेले सुटे लेझर विकत घेऊन मजल वाढवू नये. ९०५ नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही, आणि तो थेट डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचतो.

शेवटी जे या सेन्सरला जमणारच नाही ते. तोडणीच्या दिवसांत टोळीतल्या बायका तान्ह्या मुलाला फडाच्या कडेला, सावलीत, जमिनीवर निजवतात. फडक्यात गुंडाळलेलं मूल जमिनीपासून वीतभरही उंच नसतं. ४५ सेंटिमीटरवरचा सरळ किरण त्याला पाहू शकत नाही, झुकवलेल्या किरणाला ते मातीहून वेगळं वाटत नाही, आणि बंपर त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. बंपर जमिनीपासून ५ सेंटिमीटरवर आणावा, चाकांपुढे आडवी रबरी झालर लावावी, वेग माणसाच्या चालीपेक्षा कमी ठेवावा. तरीही हे पुरेसं नाही. इथे कॅमेरा किंवा उष्णता ओळखणारा सेन्सर लागेल, आणि तो या धुळीत, या उन्हात तपासून घ्यावा लागेल. कराड-सांगलीच्या प्रयोगशाळांनी हातात घ्यावं असं हे काम आहे. तोवर तोडणी सुरू असलेल्या फडात गाडी सोडू नये. एरवीही बंद करायचं बटण हातात घेतलेला माणूस सरीच्या तोंडाशी उभा हवा, आणि त्याला सरीचं दुसरं टोक दिसत नसेल तर तिथे दुसरा.